'स्वेच्छेने' या शब्दाखालची सही

ताई,

मी मूळची सांगलीची. सहा वर्षांपूर्वी नवऱ्यामागोमाग कॅनडात आले. गेली चार वर्षं हॅमिल्टनमध्ये पीएसडब्ल्यूचं काम करते, म्हणजे घरोघरी जाऊन आजारी माणसांची अंघोळ, कपडे, जेवण बघते. माझ्याकडे एक बाई आहेत, छप्पन्न वर्षांच्या. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचा बरा न होणारा आजार. व्हीलचेअरवर असतात, हात थरथरतात, पण डोकं आणि जीभ दोन्ही तल्लख. नवरा नाही. भाऊ दूर आल्बर्टात, बोलणं बंद. अपंग भत्त्याचे महिन्याला साधारण १,४०० डॉलर मिळतात. एकोणीस वर्षं एकाच जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात म्हणून भाडं कमी आहे. आता घरमालकाने दुरुस्तीसाठी जागा रिकामी करा अशी नोटीस दिलीय. मी त्यांच्याबरोबर बसून फोन करकरून पाहिले. व्हीलचेअर आत जाईल असं घर सतराशेच्या खाली मिळेना.

गेल्या आठवड्यात त्यांनी 'मेड'चा, म्हणजे डॉक्टरांच्या मदतीने मरण मागण्याचा, फॉर्म टेबलावर काढून ठेवला होता. मला म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून तू सही कर, तुझ्याशिवाय माझ्याकडे येतंच कोण?" मी विचारलं, दुखणं वाढलंय का? म्हणाल्या, "दुखणं काय, वीस वर्षं सोबत आहे. पण मी शेल्टरमध्ये नाही मरणार. जायचं तर इथून जाईन." त्यांचं शिवणाचं मशीन मला द्यायचं, असंही त्यांनी कागदावर लिहून ठेवलंय.

मी अजून हो-नाही काही बोललेले नाही. आई फोनवर म्हणाली, पाप आहे, ते कामच सोड. नवरा म्हणतो, त्यांचा देश, त्यांचा कायदा, सही कर आणि मोकळी हो. मला रात्र रात्र झोप नाही. सही केली तर मी त्यांना मारलं असं होईल का? आणि नाही केली तर?

— एक मदतनीस, हॅमिल्टन


प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी शिवणाच्या मशीनपाशी अडखळले.

कॅनडाच्या कायद्यात या साक्षीदारासाठी मोजक्याच अटी आहेत. वय अठरा पूर्ण हवं, अर्ज कशाचा आहे हे समजत असावं, आणि त्या माणसाच्या मृत्यूमुळे मृत्युपत्रातून किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेने आपल्याला काही मिळणार आहे, असं त्याला माहीत नसावं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पगारी मदतनिसालाही साक्षीदार होता येतं, त्यामुळे बाईंनी तुला विचारलं यात काही वावगं नाही. पण मशीन तुला मिळायचंय हे तुला ठाऊक आहे. तेव्हा तुझी सही चालायची नाही. शिवाय तुझ्या एजन्सीचे अशा सह्यांबद्दल आणि पेशंटने दिलेल्या वस्तूंबद्दल स्वतःचे नियम असतील. ते सुपरवायझरला विचार, लपवून काही करू नकोस.

म्हणजे सहीचा प्रश्न एका जुन्या मशीनने मिटवला. उद्या त्यांना खरं कारण सांगून नाही म्हणता येईल. पण तेवढ्याने तुला झोप लागेल असं मला वाटत नाही, कारण बाई दुसरा साक्षीदार शोधतील आणि तो मिळेल. हे काम करणारे स्वयंसेवकसुद्धा तिकडे आहेत.

आधी तुझ्या आईच्या शब्दाचं बघू. साक्षीदार एवढंच सांगतो की अमुक बाईंनी माझ्यासमोर या कागदावर सही केली आणि तारीख घातली. मागणी मान्य करायची की नाही हे दोन डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (जास्तीचं शिक्षण घेऊन रोग तपासायचा अधिकार मिळालेल्या नर्स) एकमेकांपासून स्वतंत्रपणे ठरवतात. ती सही करणाऱ्याला खुनी म्हणणं वेडेपणा आहे. आईला सांग, पाप-पुण्याचा हिशेब तिथे अडलेला नाही.

तो कुठे अडतो ते मला थोडंफार माहीत आहे. कारण मीही एक सही केलेली आहे.

बावीस वर्षं मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेविका होते. कोणतं ते राहू दे. तिथे 'डामा' म्हणून एक प्रकार असे. तो देशातल्या कुठल्याही रुग्णालयात आहे: डॉक्टरांचा सल्ला नसताना पेशंटला घरी नेणं. फॉर्म छापील असतो. 'आम्ही रुग्णास स्वेच्छेने व स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत.' जालन्याकडचा एक ऊसतोड कामगार होता, चाळिशीचा. दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिस चालू. बायको आणि दोन पोरं रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहत होती. जूनचा पाऊस लागला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, घरी जातो. घरी जाणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं. बायकोने अंगठा उठवला. अंगठ्याला साक्षीदार लागतो. मी सही केली.

माझ्या खणात गरीब रुग्ण निधीचे अर्ज पडून होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंटच्या माणसांची सोय होते हे मला पाठ होतं. तिथे नाही तर दुसरीकडे विचारता आलं असतं. पण बाकावर अकरा माणसं थांबलेली होती आणि फॉर्मवर 'स्वेच्छेने' असं छापलेलं होतं. 'पोरांना छप्पर मिळालं तर राहशील का?' एवढा एक प्रश्न मी त्याला विचारला नाही. कदाचित तो तरीही गेला असता. पण मी विचारलं नाही.

त्यामुळे 'कॅनडात गरिबांना इंजेक्शन देऊन संपवतात' असले व्हॉट्सॲप फॉरवर्ड आले की मी चिडते. आपण न लिहिता, न मोजता, जनरल वॉर्डच्या मागच्या दाराने तेच करत आलोय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मानला, पण तो उपचार थांबवण्यापुरता, तोही बरं होण्याची आशा संपलेल्या माणसासाठी. पैसे संपले म्हणून थांबलेले उपचार कुठल्याच निकालात येत नाहीत.

आता कॅनडा. तुला तिथे राहून यातलं बरंच ठाऊक असेल, पण सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कार्टर खटल्यात बंदी उठवली, २०१६ मध्ये कायदा आला. तेव्हा ही सोय मरण दृष्टीच्या टप्प्यात आलेल्यांसाठीच होती. २०१९ मध्ये क्यूबेकच्या न्यायालयाने ती अट घटनेत बसत नाही म्हटलं, आणि मार्च २०२१ पासून दुसरा मार्ग उघडला. त्याला तिकडे 'ट्रॅक टू' म्हणतात. आजार गंभीर आहे, बरा होणारा नाही, अंग दिवसेंदिवस निकामी होतंय, पण मरण जवळ नाही, अशांसाठी तो आहे. तुझ्या बाई बहुधा यातच बसतील. इथे तपासणी सुरू झाल्यापासून निदान ९० दिवस जावे लागतात. तपासणाऱ्या दोघांपैकी एकालाही त्या आजाराची खास जाण नसेल तर जाणकाराचा सल्ला घ्यावा लागतो.

गरिबी हे कारण कायद्यात कुठेही नाही. नुसतं घर नाही म्हणून कुणालाही 'मेड' मिळत नाही. मग गरिबी शिरते कुठून? कायद्यात शब्द आहेत त्या अर्थाचे: दुःख असह्य हवं, आणि 'त्या व्यक्तीला मान्य असेल अशा परिस्थितीत' कमी न होणारं हवं. आजाराचा दाखला अस्सल असतो, डॉक्टर खोटं बोलत नाहीत. पण तोच आजार तळमजल्यावरच्या, रॅम्प असलेल्या घरात सोसवतो आणि शेल्टरमधल्या पलंगावर सोसवत नाही. मग असह्य झालं ते नेमकं काय? फॉर्मवर 'मल्टिपल स्क्लेरोसिस' लिहिलं जातं. भाडं लिहायला रकाना नाही.

कायदा आणखी एक गोष्ट सांगतो, आणि मला सगळ्यात जास्त टोचते ती हीच. दुःख कमी करायचे इतर मार्ग, म्हणजे समुपदेशन, अपंगांसाठीच्या सेवा, समाजातल्या इतर सोयी, यांची माहिती अर्जदाराला दिली पाहिजे, त्या लोकांशी भेट घडवायची तयारी दाखवली पाहिजे, आणि अर्जदाराने त्यावर गंभीरपणे विचार केला आहे हे दोन्ही डॉक्टरांना पटलं पाहिजे. माहिती दिली पाहिजे. सोय मिळाली पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. टोरोंटोत अनुदानित घराच्या यादीत एका खोलीच्या घरासाठी दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. 'मेड'ची मुदत नव्वद दिवसांची. कुठल्या रांगेत नंबर आधी लागतो ते बघ.

हे कागदावरचं भय नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये टोरोंटोतल्या एका एक्कावन्न वर्षांच्या बाईने याच मार्गाने मरण घेतलं. तिला सिगारेटचा धूर आणि सफाईची रसायनं सोसत नव्हती. त्यांच्यापासून दूर असं परवडणारं घर मिळावं म्हणून ती आणि तिच्या बाजूचे लोक दोन वर्षं सरकारदरबारी लिहीत होते. त्याच वर्षी ऑन्टारियोतल्या, म्हणजे तुझ्याच प्रांतातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थाने अर्ज केला. पाठीचं जुनं दुखणं होतं, राहतं घर विकलं जाणार होतं, आणि तो उघड म्हणाला की मला मरायचं नाही, पण बेघर होण्यापेक्षा ते बरं. बातमी आल्यावर अनोळखी लोकांनी साठ हजार डॉलरच्या वर रक्कम जमा केली. त्याने अर्ज मागे घेतला. पाठ होती तशीच दुखत होती.

तरी आकडे जागच्या जागी ठेवायला हवेत. २०२३ मध्ये कॅनडात १५,३४३ लोकांनी 'मेड' घेतलं, देशातल्या दर शंभर मृत्यूंमागे जवळजवळ पाच. त्यातले 'ट्रॅक टू'चे ६२२. बाकी बहुतेक म्हातारे आणि कॅन्सरचे पेशंट. ऑन्टारियोतल्या सुरुवातीच्या वर्षांच्या एका पाहणीत तर असं दिसलं की ही सोय घेणारे इतर मरणाऱ्यांपेक्षा जास्त सुस्थितीत होते. त्यामुळे सरसकट 'गरिबांना मारतात' म्हणणं खोटं. पण त्या सहाशेंच्या छोट्या गटाकडे वळलं की चित्र बदलतं. ऑन्टारियोच्या मुख्य कॉरोनरने, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, नेमलेल्या समितीने २०२४ मध्ये दाखवलं की 'ट्रॅक टू'ची माणसं मरण जवळ आलेल्यांच्या गटापेक्षा वंचित वस्त्यांमधून जास्त येतात. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने हा मार्गच बंद करा असं कॅनडाला सांगितलं. तिथल्या अपंगांच्या संघटना त्याच्या आधीच कोर्टात गेल्या होत्या.

(जाता जाता. २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने हिशेब मांडला की 'मेड'मुळे आरोग्याचा खर्च वर्षाला १४ कोटी ९० लाख डॉलरने कमी होईल. खर्च वाचवायला 'मेड' वापरा असा याचा अर्थ काढू नये, असंही त्यात लिहिलं होतं. लिहावं लागलं, यातच काय ते आलं.)

मग तुझ्या नवऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे का? नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या दोन तत्त्वचिंतकांनी २०२३ मध्ये एक लेख लिहून बराच गदारोळ उठवून दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: परिस्थिती अन्यायाची आहे, कबूल. ती लवकर बदलणार नाही, हेही कबूल. मग त्या अन्यायात अडकलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला 'तू गरीब आहेस म्हणून तुझी इच्छा खरी नाही' असं सांगून आणखी वीस वर्षं सोसायला लावणं हा दुसरा अन्याय नव्हे का? श्रीमंताचं 'नको आता' हे खरं, आणि गरिबाचं तेच म्हणणं शंकास्पद?

मी हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा मासिक आपटून बंद केलं. नंतर पुन्हा उघडलं. कारण वॉर्डात मीही गरीब बायांच्या वतीने 'तिला कळत नाही' असं किती वेळा म्हटलंय. माझं आजचं मत असं की ज्या देशाला घर देता येत नाही त्याने 'ट्रॅक टू' उघडायला नको होता. आधी भत्ता, आधी घर, मग हे. पण हे मत मी ओटावातल्या सरकारला कळवीन. तुझ्या बाईंच्या टेबलापाशी ते घेऊन जाणार नाही. सरकारने केलेल्या चुकीची किंमत त्यांनी सोसत राहून भरावी, असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि तुला तर नाहीच. तू तिथे त्यांच्या केसांतून कंगवा फिरवायला जातेस.

मग तू करायचं काय?

आपल्याकडच्या वर्तमानपत्रात एक बातमी अधूनमधून येते, तुला आठवत असेल: 'इच्छामरणाची परवानगी द्या, शेतकऱ्याचं जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन.' कधी धरणग्रस्त असतात, कधी पगार थकलेले कामगार, कधी मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेलं म्हातारं जोडपं. जिल्हाधिकाऱ्याला अशी परवानगी देता येत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं, वाचणाऱ्यालाही. त्या निवेदनाच्या पहिल्या ओळीत मरण असतं आणि तिसऱ्या ओळीत गट नंबर, थकलेली रक्कम, किती साली जमीन गेली ते सगळं. शहाणा अधिकारी तिसरी ओळ वाचतो. बाकीचे पोलीस बंदोबस्त लावतात. ऑन्टारियोत फरक इतकाच की पहिली ओळ मंजूर होऊ शकते. म्हणून तिथे तिसरी ओळ वाचणारं माणूस जास्त लागतं.

तुझ्या बाईंनी तिसरी ओळ तुला तोंडी सांगितली आहे: शेल्टरमध्ये नाही मरणार. त्यांच्या मशीनला घर मिळालं, त्यांना नाही.

(भीष्माचा दाखला तुला कुणीतरी देईलच. या विषयावर आपल्याकडे तोंड उघडलं की तो येतोच. त्याला इच्छामरणाचा वर होता खरा. पण शरपंजरी पडल्यावर उशी मागितली तेव्हा ती द्यायला आणि तहान लागली तेव्हा जमिनीतून पाणी काढायला अर्जुनही जवळ होता.)

पुढच्या फेरीला गेलीस की पहिल्यांदा सहीचं खरं सांग. मग विचार. आडून नको, सरळ विचार: 'घर राहिलं, इथेच राहता आलं, तर हा फॉर्म असाच पुढे न्यायचाय का?' आणि गप्प बस. उत्तर यायला वेळ लागेल, मधेच चहा ठेवायला उठू नकोस. हा प्रश्न त्यांना परावृत्त करायला विचारायचा नाही, उत्तर ऐकायला विचारायचा. 'हो, तरीही' असं आलं तर ते उत्तर आहे. 'तसं झालं तर बघू' असं आलं तर तेही उत्तर आहे, आणि मग कामाला लागायचं. एक सांभाळ. 'मेड'चा विषय तू आपणहून काढायचा नाहीस, बाजूने नाही आणि विरुद्धही रेटायचं नाहीस. तो त्यांनी काढला तरच. आणि बोलता बोलता 'नव्वद दिवस कोण थांबतंय, मीच काय ते करते' असा सूर लागला तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा एकटीने निभवायचं नाही. लगेच सुपरवायझरला कळवायचं. ९८८ हा नंबर कॅनडाभर चोवीस तास चालतो, फोनवर किंवा मेसेजने, आणि तो तुझ्यासाठीही आहे.

आता नोटीस. मी वकील नाही, पण आयुष्य कागदांमध्ये गेलं आहे. दुरुस्तीसाठी देतात ती बहुधा 'एन १३' असेल. ती आली म्हणजे घर गेलं, असा समज घरमालक होऊ देतात. तसं नसतं. निदान १२० दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि मुदत संपली तरी भाडेकरूला बाहेर काढायचा हुकूम ऑन्टारियोत फक्त लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचे वाद ऐकणारं मंडळ, देऊ शकतं. घरमालकाला कुलूप बदलता येत नाही. दुरुस्ती झाल्यावर त्याच घरात, जुन्या भाड्याने परत यायचा हक्क असतो; फक्त जागा सोडण्याआधी 'मला परत यायचंय' असं लेखी द्यावं लागतं. ते लेखी देणं बाईंनी केलंय का? बहुतेक जण इथेच हरतात. पाच किंवा जास्त घरांच्या बिल्डिंगमध्ये तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत भरपाईही असते. तुमच्या हॅमिल्टनने तर जानेवारी २०२५ पासून स्वतःचा नियम केलाय: 'एन १३' दिली की घरमालकाला शहराकडे परवाना मागावा लागतो, आणि परत येऊ इच्छिणाऱ्याच्या मधल्या काळातल्या राहण्याची सोय बघावी लागते. त्याने परवाना मागितलाय का, हे पालिकेला एका फोनवर विचारता येतं. फोन बाईंनी करायचा. त्यांची जीभ तल्लख आहे म्हणालीस ना? तू नंबर लावून दे.

लीगल एडची वस्तीपातळीवरची क्लिनिक असतात, फी नाही. अपंगांसाठी वेगळं कायदा केंद्र आहे, 'आर्च' नावाचं. २११ लावलं की जवळची सोय कोणती ते सांगतात. जुलै २०२५ पासून केंद्राचा नवा अपंग लाभ सुरू झालाय, जास्तीत जास्त महिना २०० डॉलर. दोनशे डॉलरने घर येत नाही, हे मला कळतं. पण तो बाईंनी मागितलाय का? त्याला आधी डिसेबिलिटी टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे अपंगांच्या कर सवलतीचा, डॉक्टरी फॉर्म मंजूर लागतो, आणि हात थरथरणारी एकटी माणसं नेमकी असल्याच फॉर्मपाशी थांबतात.

यातलं सगळं तू करायचं नाहीस. तुझं काम अंघोळ घालण्याचं आहे, तुला तासावर पैसे मिळतात आणि तुझंही घर आहे. पण 'ऑन्टारियो हेल्थ ॲट होम'चा, म्हणजे घरपोच सेवा ठरवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, केअर कोऑर्डिनेटर त्यांना असणारच. घर जातंय आणि त्या भीतीने बाई मोठे निर्णय घेतायत, हे बाईंना सांगून, त्यांच्या संमतीने, तुझ्या सुपरवायझरमार्फत त्याच्यापर्यंत पोचव. लेखी. आणि बाईंना एवढं सुचव की तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना नोटीस दाखवा. डॉक्टर तासाभरासाठी येतील. पाय, डोळे, औषधं बघतील. टेबलावर नोटीस नसेल तर त्यांना ती दिसणार नाही. ती दिसल्यावर काय करायचं हे त्यांनी त्यांच्या बुद्धीने ठरवावं. पण न बघता ठरवू नये.

आणि एवढं सगळं होऊनही बाई 'हो, तरीही' म्हणाल्या तर? तसंही होईल. वॉर्डात मला एक शिक्षिका भेटली होती, जबड्याच्या कॅन्सरची. पैसा होता, मुलगी उशाशी होती, स्वतंत्र खोली होती. रोज सकाळी पाटीवर खडूने लिहायची: 'पुरे.' तिची तिसरी ओळ मी फार शोधली. नव्हती. पहिलीच ओळ खरी होती. तिला मी काहीच देऊ शकले नाही, फक्त रोज जाऊन ती पाटी वाचायचे. तुझ्या बाई तशा निघाल्या तर त्यांना सोडून जाऊ नकोस, एवढंच. आईला आवडणार नाही. काम सोडलंस तर बाईंकडे येणारं एकमेव माणूस कमी होईल, मग त्या फॉर्मचं काय होईल ते आईला विचार. नेमक्या त्या दिवशी खोलीत थांबायचं की नाही, हे मात्र तुझ्या मनावर आहे. नाही म्हणालीस तरी कुणी बोट दाखवू नये. मीही नाही.

अर्ज कधीही मागे घेता येतो. शेवटच्या क्षणीसुद्धा डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारावंच लागतं. बाईंना हे माहीत असेल, तरी सांग. फॉर्म टेबलावर असला म्हणून गाडी सुटली असं नाही.

मशीन घेऊ नकोस. निदान आत्ता नको.

नोटिशीवरची तारीख बघून मला लिही. एकशेवीसपैकी किती दिवस उरलेत ते आधी कळू दे.

तुझी,
ताई